म्हैसूरचे तिखे

घरातल्या घरात लहानशी कार्यशाळा थाटावी, भिंतीला करवती टांगाव्या, फळीवर रंधे मांडावे, पटाश्या लहानमोठ्या क्रमाने लावून ठेवाव्या आणि रविवारच्या सकाळी स्वतःच्या हाताने एखाद्या चौरंगाचे पाय तासावे, ही हौस आपल्याकडे तशी अलीकडची. निदान पांढरपेशा घरांतून तरी ती अलीकडचीच म्हणावी लागेल. सुताराच्या अन् लोहाराच्या घरी कार्यशाळा ही घराचाच भाग असे. तिला कोणी हौस म्हणत नसे, ती पोटाची सोय होती. ज्या घरी पोथी त्या घरी पटाशी नाही आणि ज्या घरी पटाशी त्या घरी पोथी नाही, अशी वाटणी आपल्या समाजात शतकानुशतके चालत आली. आज निवृत्त अधिकारी, अध्यापक, संगणकावर दिवसभर बोटे चालवणारे तरुण हत्यारे विकत घेताना दिसतात, जुन्या बाजारात वाकून काहीबाही शोधताना दिसतात. ही वाटणी मोडण्याचा तो एक उशिरा का होईना प्रयत्न आहे, अशी माझी समजूत आहे.

या हौसेची पूर्वपीठिका मी म्हैसूरपासून सांगणार आहे. त्याला कारण आहे. हत्याराचा जीव त्याच्या मुठीत नसतो, आकारात नसतो. तो त्याच्या धारेत असतो. धार ज्या धातूची, तो धातू एके काळी जगात सर्वांत उत्तम कोठे होत असे, असे विचारले तर बोट दक्षिण हिंदुस्थानाकडे, आणि त्यातही म्हैसूरच्या पठाराकडे दाखवावे लागते. आपल्या जुन्या मराठीत पोलादाला ‘तिखे’ असा एक सुरेख शब्द होता. तीक्ष्णपणा ज्याच्या ठायी आहे ते तिखे. कानडीत त्यालाच ‘उक्कु’ म्हणतात. या ‘उक्कु’चा साहेबाच्या तोंडी अपभ्रंश होऊन ‘वूट्झ’ झाला असे बहुतेक विद्वान मानतात, आणि याच नावाने ते युरोपातील शास्त्रज्ञांच्या टेबलावर जाऊन बसले.

ते कसे गेले याची हकिगत मोठी गमतीची आहे. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मुंबईत डॉक्टर हेलेनस स्कॉट नावाचे एक वैद्य होते. त्यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. त्यावर जॉर्ज पिअर्सन यांनी प्रयोग केले आणि १७९५ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. नमुना मुंबईहून आला म्हणून निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी हे पोलाद ‘मुंबई येथे तयार होणारे’ असे ठरवून टाकले! बंदरातून गलबत सुटले की माल बंदराचा होतो, हा व्यापाराचा न्याय. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या कम्माराचे, म्हणजे कानडी लोहाराचे, नाव आणि गाव वाटेतच गळून पडले. हत्यारांच्या इतिहासात असे पुन्हा पुन्हा घडलेले आढळते.

सुदैवाने त्या भट्टीचे प्रत्यक्ष पाहिलेले वर्णन आपल्याला उपलब्ध आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान कामास आला, आणि पुढच्याच वर्षी वेलस्लीने फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टराला नव्या मुलखाची पाहणी करण्यास धाडले. बुकॅनन मद्रासेहून निघून म्हैसूर, कानडा आणि मलबार पालथे घालीत गेला. त्याचा ग्रंथ १८०७ साली छापला गेला. जिंकलेल्या मुलखाची ती झडतीच होती. परंतु माणूस चौकस असल्यामुळे शेतातले पीक, मागावरचे सूत आणि लोहाराची मूस, सगळे त्याने टिपून ठेवले. पोलाद कसे करीत याची त्याने दिलेली माहिती थोडक्यात अशी. साध्या लोखंडाचे तुकडे मातीच्या लहान मुशीत घालावयाचे, त्यांत तरवडाच्या काटक्या आणि थोडी हिरवी पाने टाकावयाची, मुशीचे तोंड मातीने लिंपावयाचे, आणि अशा अनेक मुशी भट्टीत रचून भात्याने प्रखर आच द्यावयाची. काटक्यांतला कार्बन लोखंडात उतरे, लोखंड वितळे, मूस सावकाश थंड होई, आणि ती फोडली म्हणजे आत पोलादाचा एक लहानसा गोळा सापडे. साध्या घडीव लोखंडात कार्बन नाममात्र असतो. या गोळ्यात तो शेकडा एकाच्याही वर, दीडाच्या आसपास जाई. दमास्कसच्या म्हणून गाजलेल्या तलवारींवर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी दिसे, ती या जातीच्या पोलादाची. तरवड आपल्याकडे माळरानावर उगवणारे, पिवळ्या फुलांचे, कोणी फारसे न विचारणारे झुडूप. त्याचा हा पराक्रम आपल्याला ठाऊक नसावा याचे मला नेहमी नवल वाटते.

याच बुकॅननने बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरील चन्नपट्टणचीही नोंद केली आहे. तेथे पोलादाच्या तारा ओढीत, आणि त्या वाद्यांसाठी दूरदूरपर्यंत जात. आज चन्नपट्टण प्रसिद्ध आहे ते लाखेच्या रंगीत लाकडी खेळण्यांसाठी.

इकडे इंग्लंडात शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन याने १७४०च्या सुमारास मुशीत पोलाद वितळवण्याची स्वतःची रीत बसवलीच होती. त्याला घड्याळांच्या कमानीसाठी एकजीव पोलाद हवे होते. पुढे सर्व शेफील्ड या मुशींवर उभे राहिले. तरीही हिंदी पोलादाचे कुतूहल संपले नाही. लंडनचा जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रवैद्यांची हत्यारे करणारा नामांकित कारागीर वूट्झची पाती करी, आणि त्याच्याबरोबर १८१९ ते १८२२ या काळात पोलादावर प्रयोग करीत बसलेला तरुण म्हणजे मायकेल फॅरडे, जो स्वतः एका लोहाराचा मुलगा होता. फॅरडेला या पोलादाचे रहस्य ॲल्युमिनियमच्या अंशात असावे असे वाटले. तो तर्क खरा ठरला नाही. पण त्या प्रयत्नांतून मिश्र पोलादांच्या अभ्यासाला चालना मिळाली, ही गोष्ट मान्य झालेली आहे.

एकोणिसाव्या शतकात मात्र चक्र उलटे फिरले. शेफील्डच्या पटाश्या, कानशी, करवती जहाजांतून आपल्या बंदरांत उतरू लागल्या आणि म्हैसूरच्या मुशी एकेक करून विझत गेल्या. आयते, स्वस्त, एकसारखे पोलाद मिळू लागल्यावर जंगल तोडून कोळसा पाडण्याचा आणि भाता फुंकण्याचा खटाटोप कोण करणार? ज्या प्रदेशाने पोलाद जगाला दिले, त्या प्रदेशातील बडगी विलायती छापाची उळी विकत घेऊ लागला. बडगी म्हणजे सुतार, आणि उळी म्हणजे आपली पटाशी.

या विलायती हत्यारांबरोबर आणखी एक गोष्ट आली, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे उभे राहून काम करण्याची पद्धत. आपला सुतार जमिनीवर बसतो. लाकूड तो पायाच्या पंजाने धरतो; त्याचा पाय हाच त्याचा शेगडा. त्याची जुनी करवत आपल्याकडे ओढताना कापते, कारण बसलेल्या माणसाचे बळ ओढण्यात असते. विलायती करवतीचे दात उलट दिशेचे. ती पुढे लोटताना कापते, कारण ती कंबरेइतक्या उंच मेजापुढे उभ्या असलेल्या माणसासाठी घडवलेली आहे. आपला रंधा लाकडी ठोकळ्याचा, त्याचे पाते पाचरीने अडकवलेले, आणि हातोडीच्या हलक्या टोल्यांनी ते वरखाली करावयाचे. अमेरिकेत लेनर्ड बेली याने लोखंडी अंगाचा, स्क्रूने पाते सरकवता येणारा रंधा सिद्ध केला. त्याची एकस्वे १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने विकत घेतली, आणि आजही जगभरच्या बाजारात विकला जाणारा लोखंडी रंधा बहुतांशी त्याच घडणीचा आहे. हत्यार बदलले की माणसाचे बसणे-उठणे बदलते. घरी कार्यशाळा थाटू पाहणाऱ्याने दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आपण बसून काम करणार की उभे राहून, एवढे ठरवावे. नाहीतर मेज एका जातीचे आणि करवत दुसऱ्या जातीची, असा प्रसंग ओढवतो.

म्हैसूर शहरात हा संगम कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. १८९७ साली राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी हिच्या विवाहाच्या वेळी जुना लाकडी राजवाडा आगीत भस्मसात झाला. नवा वाडा हेन्री अर्विन या वास्तुशास्त्रज्ञाच्या आराखड्याप्रमाणे उभा राहिला आणि १९१२ मध्ये पूर्ण झाला. त्यातील अंबाविलास दालनाचे शिसवी दार, त्यावरील हस्तिदंती जडावासह, अवश्य पाहावे. शिसवासारख्या कठीण लाकडात नखाएवढी पाकळी कोरून तीत दुसऱ्या पदार्थाची तेवढीच पाकळी अशी बसवावयाची की मध्ये केसही शिरू नये. हे काम धनुष्याकार चौकटीत ताणलेल्या, दोऱ्याइतक्या बारीक पात्याच्या करवतीने होते, आणि खोबण पडते ती अगदी लहान पटाशीने. यंत्र या ठिकाणी फारसे उपयोगी पडत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला; तेव्हापासून कारागीर निरनिराळ्या रंगांची लाकडे आणि प्लास्टिकही वापरतात. पदार्थ बदलला, करवत मात्र तीच राहिली. या कलेला राजाश्रयाबरोबर शाळेचाही आधार मिळाला. म्हैसूरची औद्योगिक शाळा पुढे चामराजेंद्र टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावाने नावारूपास आली, आणि बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या प्रथमच फळा, खडू आणि हजेरीपत्रक यांच्या कक्षेत आली. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ दिवाण होते. त्यांच्या धडाडीतून भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना निघाला आणि १९२३ साली त्याच्या भट्टीतून लोखंड बाहेर पडू लागले. ही भट्टी चाले जंगलातल्या लाकडाच्या कोळशावर. म्हणजे बुकॅननने पाहिलेल्या कोळशाच्या आचेचाच तो थोरला अवतार होय.

म्हैसूरच्या मुख्य बाजारातून जाणाऱ्या रस्त्याला सयाजीरावांचे नाव आहे. बडोद्याच्या या महाराजांनी १८९० साली कलाभवन काढून कारागिरीला शाळेत आणले, आणि कुलीन घरातील मुलांच्या हातीही रंधा अन् ब्रश दिला. दादासाहेब फाळके तेथे शिकले. चित्रपट काढताना कॅमेऱ्यापासून रसायनापर्यंत सगळे स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने करण्याची जी उमेद त्यांच्या अंगी दिसते, तिचे मूळ अशा शिक्षणात शोधावयास हवे.

याच मालिकेतले पण अधिक जवळचे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा मुंबईला चित्रकला शिकावयास गेला आणि रंगांचे भेद डोळ्यांना नीट उमगत नाहीत म्हणून यंत्रांच्या आकृत्यांकडे वळला. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवता शिकवता त्यांनी हत्यारे हाताळली, यंत्रे खोलून पाहिली. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, तेथून कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगराने जमीन विटाळते या समजुतीमुळे पहिले नांगर खपण्यास फार दिवस लागले. या घराण्याची पुढची एक शाखा म्हैसूर संस्थानातच रुजली. १९४१ मध्ये तुंगभद्रेकाठी हरिहर येथे मैसूर किर्लोस्कर हा कारखाना निघाला आणि त्याचे लेथ देशभरच्या कार्यशाळांतून फिरू लागले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो बंद पडला. लेथ मात्र कित्येक ठिकाणी अजून फिरत आहेत.

श्रोतेहो, येथे एक आडवाट घेण्याचा मोह आवरत नाही. आपण ज्या ‘आकाशवाणी’वरून बोलतो-ऐकतो, तिचे नावही म्हैसूरच्या एका घरातून आले आहे. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे डॉक्टर एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी लहानसे प्रक्षेपण केंद्र उभारले आणि ‘आकाशवाणी’ या नावाने ते चालवले. काही वर्षांनी ते संस्थानने हाती घेतले, आणि पुढे हेच नाव सबंध देशाच्या नभोवाणीने उचलले. मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने घरातल्या खोलीत तारा जोडाव्यात आणि त्यातून राष्ट्राच्या वाणीला नाव मिळावे! घरच्या कार्यशाळेची टिंगल करणाऱ्यांना मी हे उदाहरण सांगतो.

आता खरेदीकडे वळू. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५६-५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर, आयातीवर कडक बंधने आली. शेफील्डचा माल दुर्मिळ झाला आणि ज्यांच्या घरी तो होता त्यांनी तो दागिन्यासारखा जपला. दरम्यान देशी हत्यारांचे कारखाने वाढले. पंजाबात जालंधर, राजस्थानात नागौर आणि आपल्या महाराष्ट्रात नाशिक ही नावे पान्हा-पकडीच्या बाजारात रूढ झाली. पान्हे, पकडी, स्क्रू फिरवण्याची हत्यारे, यांच्या बाबतीत देशी नवा माल बिनदिक्कत घ्यावा. पटाशी, रंधा आणि करवत यांच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. तेथे जुन्याला तोड नाही, फक्त जुने ओळखता आले पाहिजे.

ओळखावयाचे ते असे. म्हैसूरच्या देवराज मार्केटच्या आसपास काय, पुण्याच्या जुन्या बाजारात काय, गंजलेल्या पटाशीवर कधी कधी ‘कास्ट स्टील’ असा ठसा दिसतो. विकणारा म्हणतो, हे बीड आहे, आणि घेणाराही तसेच समजून ती खाली ठेवतो. वास्तविक तो ठसा बिडाचा नव्हे. मुशीत वितळवून ओतलेल्या पोलादाचा, म्हणजे हंट्समनच्या रीतीचा आहे. अशी पटाशी गंज काढून सहाणेवर घासली म्हणजे पुष्कळदा पाठीशी एक फिकट रेघ उमटते. रेघेच्या एका अंगाला मऊ लोखंड, दुसऱ्या अंगाला तिखे. महाग पोलाद धारेपुरते आणि स्वस्त लोखंड आधाराला, ही काटकसर. आपला गावचा लोहारही कुऱ्हाडीला पोलाद लावताना नेमके हेच करी. ज्या लोहाराला असे जोडकाम जमे, त्याच्याकडे चार गावचे लोक येत. झिजलेल्या कानशीची पटाशी आणि मोटारीच्या कमानपट्टीची वाकस करणारे लोहार अजूनही आढळतात. कानस हे उत्तम पोलाद असते. तिला नीट पाणी दिले तर बाजारातल्या चकचकीत पटाशीहून ती अधिक दिवस धार धरते. मात्र पाणी कडक बसले तर धारेचे तुकडे उडतात आणि मऊ बसले तर ती मुडपते. तापवलेल्या पात्यावर पिवळा रंग चढतो, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. पटाशीसाठी लोहार पिवळ्यावरच थांबतो. हा रंग तो भर उन्हात पाहत नाही.

एकदम पेटीभर हत्यारे घेण्याची घाई करू नये. तीन पटाश्या, एक रंधा, एक करवत, गुण्या, हातोडी आणि धार लावण्याचा चांगला दगड, एवढ्यावर वर्ष सहज निघते. दगडावर खर्च करावा, मुठींवर करू नये. कोकणासारख्या दमट हवेत हत्यार वापरले नाही तर एका पावसाळ्यात तांबेरते, म्हणून खोबरेलाचे बोट फिरवावे. म्हैसूरची हवा त्या मानाने सोशीक.

संग्रहाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिच्यात मला खरी चिंता वाटते. म्हातारा सुतार जातो, मुलगा विजेचे रंधे वापरतो किंवा दुसऱ्या धंद्यात असतो, आणि बापाची पेटी भंगारवाल्याच्या तागडीत जाते. तेथे लोखंडाचा भाव असतो, तिख्याचा नसतो. शिसवावर फिरणारी बारीक करवत आणि मोडका कोयंडा एकाच दराने तोलले जातात. लाकडी रंधे तर तोलण्याच्याही कामाचे नाहीत. ते चुलीत जातात. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलुपे यांसारख्या रोजच्या वस्तू जन्मभर गोळा केल्या, म्हणून त्या आज पाहावयास मिळतात. म्हैसूर विद्यापीठाने १९६८ साली लोकसंस्कृतीचे संग्रहालय उभे केले ते जयलक्ष्मीविलास या वाड्यात, ज्या राजकन्येच्या लग्नात जुना राजवाडा जळला तिच्यासाठीच बांधलेल्या वाड्यात. अशी संग्रहालये थोडी आहेत, आणि पेट्या दर महिन्याला फुटत आहेत.

म्हणून हौशी संग्राहकाला मी सुचवीन की हत्यार घेताना पैसे देऊन निघून जाऊ नये. विकणाऱ्याच्या घरी कोणी जुना माणूस असेल तर त्याच्यापाशी बसावे. मराठी मुलखात वाकस, म्हैसुरात बाची. आपली करवत, तेथे गरगस. आपला हातोडा, तेथे सुत्तिगे. नावे लिहून घ्यावी. ते कोणत्या लाकडावर चाले, पाणी कोणी दिले, मूठ कशाची, हे विचारावे. पटाशीच्या मुठीचा माथा एका बाजूने अधिक झिजलेला दिसला तर कारागीर डावखोरा होता का, हेही विचारून पाहावे. यासाठी खंडेनवमीचा दिवस फार सोयीचा. म्हैसूरच्या दसऱ्यात त्या दिवशी राजवाड्यात शस्त्रांची पूजा होते आणि पेठेतल्या लहानशा दुकानांतून लेथ, कानशी, पटाश्या धुऊनपुसून, हळदकुंकू आणि फुले वाहून ओळीने मांडलेल्या असतात. कामाला सुट्टी असते. सगळी हत्यारे, एरवी पेटीच्या तळाशी पडलेलीसुद्धा, बाहेर निघालेली असतात, आणि त्यांच्याविषयी बोलावयास कारागिराला त्या दिवशी वेळ असतो.